डेव्हीच्या दिव्यानं स्फोट थांबले नाहीत: खाणकामावरच्या व्हायरल पोस्टला उत्तर

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी भागातल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक पोस्ट फिरतेय. इंग्लंडातल्या जुन्या कोळसा खाणींचे काळे-पांढरे फोटो आणि त्याखाली मजकूर. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी खाणीत यंत्रं नव्हती, अडाणी मजूर नुसत्या अंगबळावर कोळसा फोडत. मग डेव्हीचा दिवा, म्हणजे खाणीतला जाळीचा सुरक्षित दिवा, आला आणि स्फोट थांबले. मिथेन, म्हणजे खाणीत साचणारा स्फोटक गॅस, ओळखायला कॅनरी पक्षी ठेवत. वाफेच्या इंजिनानं बायका-मुलांची सुटका केली, कोळसा कापायच्या मशीननं काम हलकं केलं. आणि शेवटचं वाक्य असं की खाणकामगाराला यंत्रानं वाचवलं, कायदे, इन्स्पेक्टर आणि युनियन यांनी फक्त कामात खोडा घातला.

भूमिगत खाणीत ओव्हरमनची, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्याची, नोकरी केली असल्यानं मला हे वाचून गप्प बसवत नाही. नव्या भरतीची पोरंसुद्धा ती पोस्ट पुढे पाठवताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“पूर्वी यंत्रं नव्हती, नुसतं अंगबळ होतं”

वाफेचं यंत्र मुळात खाणीसाठीच जन्माला आलं. थॉमस न्यूकमनचं पहिलं इंजिन १७१२ साली इंग्लंडात डडलीजवळच्या कोळसा खाणीवर बसलं, ते पाणी उपसायला. कोळसा खाणीचा पहिला शत्रू पाणी. एका ठरावीक खोलीच्या खाली गेलं की घोड्यांच्या रहाटानं उपसा पुरत नसे. ते इंजिन इंधन वारेमाप खायचं, पण खाणीच्या तोंडाशी पडलेला, विकला न जाणारा बारीक चुरा त्याला चालायचा. त्यामुळे जेम्स वॉटचं काटकसरी इंजिन आल्यावरही कितीतरी खाणमालकांनी न्यूकमनचंच चालू ठेवलं. पुढे माणसं आणि माल वर ओढायलाही वाफ आली. १८३४ साली जर्मनीतल्या हार्ट्‌स डोंगरातल्या खाणींत विल्हेल्म आल्बर्टनं तारेचा दोर वापरात आणला, आणि तागाच्या दोरांचा भरवसा नसलेला काळ हळूहळू मागे पडला.

मात्र ही सगळी यंत्रं शाफ्टपाशी, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीपाशी, थांबत. प्रत्यक्ष कोळशाच्या तोंडाशी, ज्याला आपण फेस म्हणतो तिथं, माणूस आणि टिकावच होता. १९१३ साली ब्रिटननं २८ कोटी ७० लाख टन कोळसा काढला, इतका त्याआधी कधीच काढला नव्हता. त्यातला मशीननं कापलेला कोळसा ८ टक्क्यांच्या आसपास होता. बाकी सगळा हातानं.

आणि त्या हातांना अडाणी म्हणणं मला सहन होत नाही. थर दोन-अडीच फुटांचा असेल तर हेवर, म्हणजे कोळसा फोडणारा गडी, कुशीवर आडवा व्हायचा. खांदा जमिनीला टेकवून टिकावाच्या आडव्या घावांनी थराच्या तळाशी खोल खाच पाडायचा. खाच पडतेय तसा वरचा कोळसा अधांतरी होतो, म्हणून मध्ये मध्ये छोटे लाकडी टेकू लावायचे. मग टेकू काढून वरून पाचर ठोकायची किंवा दारूचा बार उडवायचा. खाच चुकली तर कोळशाचा चुरा होतो, आणि चुऱ्याला पैसे मिळत नसत. टेकू चुकला तर तो गडीच गाडला जायचा. कोळशाच्या अंगातल्या चिरा कुठल्या दिशेनं जातात, छत आज कालच्यापेक्षा वेगळा आवाज देतंय का, हे हातानं आणि कानानं ओळखायला वर्षं जात. छतावर पहारीचं टोक आपटलं की घट्ट दगड खणखणीत वाजतो आणि सुटलेला दगड पोकळ, ढबढब वाजतो. ही परीक्षा मी स्वतः रोज केली आहे. ती कुठल्या पुस्तकातून येत नाही.

“डेव्हीच्या दिव्यानं स्फोट थांबले”

पोस्टमधला हा सगळ्यात लोकप्रिय दावा आहे आणि सगळ्यात चुकीचाही.

२५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळ फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं आणि मुलं मेली. त्यातून सुरक्षित दिव्याचा शोध जोरात सुरू झाला. विल्यम क्लॅनी नावाचे एक डॉक्टर त्यावर काम करतच होते. १८१५ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी लंडनच्या प्रयोगशाळेत, आणि किलिंगवर्थच्या खाणीवरचा इंजिन-कारागीर जॉर्ज स्टीफन्सन यानं खाणीतच, आपापला दिवा तयार केला. डेव्हींची युक्ती सुरेख होती. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी लावली की जाळी उष्णता शोषते आणि आतली ज्वाळा बाहेरच्या गॅसपर्यंत पोचत नाही. डेव्हींनी त्याचं पेटंटही घेतलं नाही. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

पण पुढे काय झालं ते १८३५ साली ब्रिटिश संसदेच्या समितीनं नोंदवून ठेवलंय. डरहॅम आणि नॉर्थंबरलंड या दोन परगण्यांत दिवा येण्याआधीच्या अठरा वर्षांत ४४७ माणसं मेली होती. दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत ५३८. मृत्यू वाढले.

याची कारणं खाणीत काम केलेल्या माणसाला लगेच पटतील. गॅसमुळे बंद ठेवलेले थर, छत तोलायला मागे सोडलेले कोळशाचे खांब, आणखी खोल जागा, हे सगळं मालकांना आता खुलं झालं. दिवा आहे ना, मग पाठवा माणसं. हवा खेळती ठेवायला खर्च होतो, नवा शाफ्ट खणायला तर फारच. दिवा त्यापुढे स्वस्त होता. दिव्याच्याही मर्यादा होत्या. हवेचा झोत जोराचा असेल तर ज्योत जाळीबाहेर ढकलली जायची. जाळी गंजायची, तिला भोक पडायचं, आत गॅस जळत राहिला तर ती लालबुंद तापायची. प्रकाश इतका अपुरा की उघड्या मेणबत्तीवर काम केलेल्या माणसाला चाचपडल्यासारखं व्हायचं. मजुरी कोळशाच्या मापावर, म्हणजे कमी दिसलं की कमी कोळसा आणि घरी कमी पैसे. मग काही जण जाळी काढून काम करत. दोष त्यांचा दाखवणं सोपं आहे, पण ती वेळ त्यांच्यावर मजुरीच्या हिशेबानं आणली होती.

त्यात आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. खाणीतली बहुतेक माणसं स्फोटात मरतच नव्हती. सगळ्यात जास्त मरत होती छत कोसळून, एकेक, दोन-दोन. त्याची बातमी होत नसे, फोटो निघत नसत. त्याच्यापुढे कुठलाही दिवा काय करणार?

“मिथेन ओळखायला कॅनरी होते”

कॅनरी मिथेनसाठी नव्हते, कार्बन मोनॉक्साइडसाठी होते. स्फोट किंवा आग झाल्यावर खाणीत हा वायू भरतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि स्फोटातून वाचलेली माणसं पुढे त्यानंच मरतात. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं १८९६ सालच्या अहवालात हे पुराव्यानिशी मांडलं. लहान, गरम रक्ताच्या जिवाचा श्वास भरभर चालतो, म्हणून विष त्याला माणसाच्या आधी चढतं, हे त्यानंच दाखवलं. कॅनरी मुख्यतः बचाव पथकं नेत, तेही विसाव्या शतकात. ब्रिटनमध्ये १९८६ साली ते हटवायचं ठरलं. म्हणजे हे “फार पूर्वीचं” सुद्धा नाही.

मिथेन कशानं ओळखत? त्याच सुरक्षा दिव्यानं. वात अगदी बारीक करायची, ज्योत जेमतेम राहील इतकी. मग दिवा सरळ धरून सावकाश छताकडे न्यायचा, कारण मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर साचतो. गॅस असेल तर ज्योतीच्या टोकावर फिकट निळी टोपी चढते. टोपी जितकी उंच तितका गॅस जास्त. घाईनं दिवा वर नेला तर ज्योत विझते आणि वर काय होतं ते कळत नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे स्फोटाला तयार मिश्रण, त्यामुळे ती टोपी वाचायला स्थिर हात लागतो. दिव्याची खरी थोरवी या तपासणीत आहे. तपासणी रोज व्हायला हवी, कुणीतरी जबाबदार हवा, आणि गॅस निघाला तर काम थांबवायचा अधिकार त्याला हवा. हे तिन्ही दिव्यातून येत नाही.

“वाफेच्या इंजिनानं बायका-मुलांची सुटका केली”

उलट झालं. इंजिन शाफ्टमधून भरभर कोळसा ओढायला लागलं, तेव्हा फेसपासून शाफ्टपर्यंत तो वाहून आणणारे हात जास्त लागले. ते हात मुलांचे आणि बायकांचे होते. पाच-सहा वर्षांची पोरं अंधारात एकटी बसून हवेचे दरवाजे उघड-बंद करत. मोठी मुलं-मुली कमरेला पट्टा आणि साखळी बांधून गाड्या ओढत.

४ जुलै १८३८ रोजी यॉर्कशरमध्ये सिल्कस्टोनच्या हस्कर खाणीवर वळवाचा पाऊस झाला आणि त्यानं इंजिनाच्या बॉयलरचा विस्तव विझला. केज, म्हणजे माणसं वर-खाली नेणारा पिंजरा, बंद. खाली अडकलेली काही मुलं घाबरून जुन्या तिरप्या वाटेनं बाहेर निघाली. ओढ्याचं पाणी त्या वाटेत घुसलं, पाण्याच्या लोटानं दरवाजा दाबून धरला आणि २६ मुलं बुडाली. ११ मुली, १५ मुलगे, सगळ्यात लहान ७ वर्षांचं. त्यानंतर सरकारी चौकशी आयोग बसला, मुलांच्या जबान्या छापल्या गेल्या, आणि १८४२ च्या कायद्यानं बायका, मुली आणि १० वर्षांखालच्या मुलांना भूमिगत कामाची बंदी झाली. ती जागा पुढे मोठ्या प्रमाणात खाणीतल्या घोड्यांनी भरून काढली.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. झरिया-राणीगंजच्या खाणींत नवरा कोळसा कापायचा आणि बायको टोपलीतून वाहायची. १९२९ च्या नियमांनी बायकांचं भूमिगत काम टप्प्याटप्प्यानं बंद केलं. १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा कमी पडला, सरकारनं बंदी उठवली, आणि बायका परत खाली गेल्या. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागली. नियम गेला तेव्हा कुठलंही यंत्र त्यांच्या आड आलं नाही.

“मशीननं काम हलकं केलं”

टिकावाची खाच पाडायचं काम गेलं, हे खरं. ते काम माणूस मोडणारं होतं, त्याचा कुणी गौरव करू नये. पण कटर, म्हणजे कोळसा कापायचं मशीन, बारीक धूळ उडवतो. ती धूळ फुप्फुसात जाते. ब्रिटनमध्ये कोळसा कामगारांच्या न्यूमोकोनिओसिसला, म्हणजे धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला, भरपाई मिळायला १९४३ उजाडलं. हीच धूळ स्फोटाला खाद्यही देते. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या कुरिएर इथं धुळीच्या स्फोटानं १,०९९ माणसं मारली. शिवाय मशीनच्या आवाजात छताचा आवाज ऐकू येत नाही. लाकडी टेकू मोडण्याआधी करकरतो, माणसाला दोन पावलं मागे सरकायला वेळ देतो. मशीन चालू असेल तर ती करकर कुणाला ऐकू जाणार?

“कायदे आणि युनियन यांनी खोडा घातला”

१६ जानेवारी १८६२, नॉर्थंबरलंडमधली हार्टली खाण. पाणी उपसणाऱ्या इंजिनाची ४२ टनांची ओतीव लोखंडी तुळई मधोमध तुटली आणि तिचा अर्धा भाग थेट शाफ्टमध्ये कोसळला. शाफ्ट एकच होता. हवा, पाणी, माणसं, कोळसा, सगळं त्या एकाच विहिरीतून. २०४ माणसं आणि मुलं गेली. यंत्र त्या काळातलं नावाजलेलं होतं. त्याच वर्षी कायदा झाला की प्रत्येक खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. आज आपल्याकडच्या कुठल्याही भूमिगत खाणीत उतरणाऱ्या पोरानं आपली दुसरी वाट कुठं आहे ते विचारावं. ती हार्टलीच्या माणसांमुळे आहे.

आणि नियम पाळला नाही तर काय होतं, ते वेल्समधल्या सेंगेनिथला दिसलं. तिथल्या युनिव्हर्सल खाणीत १९०१ साली स्फोट होऊन ८१ माणसं मेली होती, धुळीचा धोका तेव्हाच नोंदवला गेला होता. १९११ च्या कायद्यानं सांगितलं की हवेचा मोठा पंखा गरज पडली तर उलट्या दिशेनं फिरवता आला पाहिजे, म्हणजे आगीचा धूर माणसांकडे जाणार नाही. मुदत दिली, ती वाढवूनही दिली. सेंगेनिथला ती सोय झालीच नाही. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी पुन्हा स्फोट झाला. ४३९ कामगार आणि वाचवायला गेलेला एक जण मेला. पंखा होता, विजेच्या घंटा होत्या, त्या घंटांचीच ठिणगी कारणीभूत असावी अशी शंकाही चौकशीत आली. खटला चालला. मॅनेजरला २४ पौंड दंड झाला, कंपनीला १० पौंड.