रेल्वेने टांगा संपवला? तारखा तसं सांगत नाहीत

‘1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली आणि टांगेवाले, गाडीवान एका रात्रीत बेकार झाले,’ असा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. नवं यंत्र आलं की जुन्या धंद्याचं हेच होणार, असं त्यात बजावलंय. मला हे अजिबात पटत नाही.

आधी ‘एका रात्रीत’. 16 एप्रिल 1853ला सुरू झालेली वाट जेमतेम 34 किलोमीटरची. रूळ खोपोलीला पोचले 1856 मध्ये, खंडाळा-पुणे सुरू झालं 1858 मध्ये, आणि मधला बोरघाट खुला झाला 1863 मध्ये. मधली पाच वर्षं पुण्याला निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, मेण्यात, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी धरायचा. त्या काळात घाटातल्या भोयांना, गाडीवानांना गिऱ्हाईक आणून देत होती ती रेल्वेच. पुढे त्यांचं काम गेलं, हे खरं.

‘धंदा संपला’ हे तर साफ चूक. लांब पल्ल्याची भाडी गेली, पण स्टेशनापासून गावापर्यंतची भाडी नव्याने उभी राहिली. नाशिकरोडला उतरलेल्या यात्रेकरूला गोदाकाठ गाठायला वाहन लागायचंच. त्या रस्त्यावर पुढे घोड्यांची ट्रामही धावली. महाबळेश्वरला जाणारे पूर्वी पुण्याहून थेट टांगा करत. लोहमार्ग साताऱ्याकडे सरकल्यावर ते वाठारला उतरून वाई-पाचगणीवरून टांग्याने वर जाऊ लागले. वऱ्हाडात तर कापूस शेतातून बाजारात आणि बाजारातून स्टेशनात नेणार कोण? बैलगाडीच. रूळ बांधापर्यंत कधीच गेले नाहीत.

मग टांगा मोडला कुणी? मोटारीने. आधी खाजगी सर्व्हिस गाड्या, मग 1 जून 1948ला पुणे-नगर मार्गावर एसटी, आणि त्यानंतर गल्लीबोळात शिरणारी रिक्षा. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या तर 2015 मध्येही धावत होत्या. त्या वर्षी उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या त्या घोड्यांच्या हालांमुळे.

ज्यांचं खरोखर वाटोळं झालं, त्यांचं मात्र त्या मजकुरात नावही नाही. ते म्हणजे लमाण-बंजारे. कोकणातलं मीठ घाटावर आणि घाटावरचं धान्य खाली नेणारे त्यांचे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे. त्यांच्या पोटावर पहिला पाय रेल्वेने दिला नाही, चाकांच्या गाड्यांनी दिला. 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला तेव्हापासूनच. उरलेला लांबचा माल रुळांनी ओढून नेला. टांगेवाल्याला स्टेशनाबाहेर थांबता आलं, तांड्याला तशी जागाच उरली नाही. वर इंग्रज सरकारने कायदा करून ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांना गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला.