पोरांनो, पाती बघू नका

पोरांनो, आधी तुमचं कौतुक. साताऱ्यात बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर मासळीच्या पाटीत. तरी तुम्ही आइस स्केटिंगमधल्या घातपाताचा छडा लावायला निघालात.

लेहला चाचणीसाठी गेलेल्या आपल्या पोरीच्या स्केटिंगच्या बुटांखालची पाती ऐन वेळी बोथट निघाली, पहिल्याच फेरीत ती दोनदा आपटली, आणि किट सांभाळायला गेलेला बंड्या दोषी ठरला. म्हणजे पालकांच्या ग्रुपवर ठरला. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी संशय, सव्वानऊला निकाल. त्यातली दोन मिनिटं तर गुड नाईटच्या फुलांत गेली. आता एवढ्या तत्पर न्यायात तुम्ही कशाला काडी घालताय?

घालायचीच असेल तर निदान पाती बघू नका. पात्याच्या तळाला मधोमध बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही कडांना धार. नख धारेवर आडवं ओढलं आणि पांढरा कीस निघाला, तर धार शाबूत. पात्यावर आडवं नाणं ठेवलं की दोन्ही कडा एका पातळीत आहेत की नाही तेही कळतं. हे असलं काही करायला जाल आणि दिसेल की इथे कानस चाललेलीच नाही. कडा ठिकठिकाणी खरवडल्यात, खाचांत करडी पूड अडकलीय. म्हणजे कुणीतरी म्यान न चढवता, म्हणजे तुमचे ते प्लास्टिकचे गार्ड न लावता, सिमेंटवरून चाललंय. मग पुढचा प्रश्न येणार, कोण चाललं? असे प्रश्न दहावीच्या वर्षात बरे नव्हेत.

परदेशातले दाखले तर मुळीच देऊ नका. 1994 साली डेट्रॉइटमध्ये अमेरिकन स्केटर नॅन्सी केरिगनच्या पायावर दांडका घातला गेला. कट प्रतिस्पर्धी टोनिया हार्डिंगच्या आधीच्या नवऱ्याचा निघाला आणि कटाच्या नोंदी पोर्टलंडमधल्या एका हॉटेलच्या कचऱ्यात सापडल्या. त्यांचं बरं आहे. आपल्याकडे घंटागाडी सकाळीच येऊन जाते.

त्यापेक्षा चौकशी समितीवर विश्वास ठेवा. अध्यक्ष भाऊ आहेत. भाऊंनी स्केट्सना आजवर हात लावलेला नाही, त्यामुळे ते पूर्ण निःपक्ष आहेत. समितीची पहिली बैठक चहा आणि कंदी पेढ्यांवर झाली. दुसरी बैठक पहिलीचं इतिवृत्त कायम करण्यासाठी आहे. बंड्याला बोलवायचं का, हा विषय तिसऱ्या बैठकीत, 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली. बंड्याचे वडील रिक्षा चालवतात, हे मात्र सर्वांच्या लक्षात आहे.

आणि हात जोडून सांगतो, ग्रुपवरचे जुने फोटो वर सरकवत बसू नका. निघायच्या आदल्या दिवशीचा सत्काराचा फोटो तर बिलकूल उघडू नका. 'पेपरात द्यायचाय, बूट घालूनच येऊ दे तिला' हा आग्रह भाऊंचाच होता. पोरगी सिमेंटच्या पाच पायऱ्या चढून व्यासपीठावर आलीय, गळ्यात हार, पायांत उघडी पाती. शेजारी भाऊ, नारळ पुढे करून, कॅमेऱ्याकडे बघत. उजव्या कोपऱ्यात, पायऱ्यांपाशी अर्धाच आलेला बंड्या आहे. तोंड उघडं, काहीतरी ओरडतोय, आणि दोन्ही हातांत एकेक गार्ड.