खेळण्याला स्क्रू सक्तीचा, मग एलईडी पणतीला का नाही?

दिवाळीच्या आधी नाशिकच्या मेन रोडवर, रविवार कारंजावर एलईडी पणत्यांचे ढीग लागतात. त्यातली एखादी उलटी करून बघा. तळाचं झाकण नखाने सरकतं आणि बटण सेल हातात येतो. लहान मूलही ते उघडू शकतं. हा सेल बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो: २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड, ३ व्होल्ट.

लहान मुलाच्या अन्ननलिकेत एवढा सेल सहज अडकतो. सेल फुटून आतलं रसायन सांडतं, असा समज आहे, पण खरं नुकसान विजेने होतं. ओल्या भिंतीतून प्रवाह वाहतो आणि सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली तयार होतो. दोन तासांत खोल भाजतं. घड्याळातून काढलेला ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. सेल काढल्यानंतरही ऊती झिजत राहतात आणि काही दिवसांनी शेजारची मोठी रक्तवाहिनी फुटू शकते.

गिळताना कोणी पाहिलं नसेल, तर लक्षणं साध्या सर्दी-खोकल्यासारखीच: लाळ गळणं, खोकला, उलटी, खायला नकार. म्हणून शंका आली की लगेच एक्स-रे. त्यात सेल नाण्यासारखाच दिसतो, पण कडेला दुहेरी वर्तुळ असतं. ते पाहायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. ओकारी काढायला लावू नका. मूल एक वर्षावरचं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे (१० मिली) मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नका. निघतानाच रुग्णालयाला फोन करून विचारा, लहान मुलाच्या घशातून दुर्बीण (एंडोस्कोपी) घालून सेल काढणं आत्ता होईल का? सुरगाण्याहून नाशिक गाठेपर्यंतच दोन तास जातात.

‘आईबापांनी लक्ष ठेवावं’ हे उत्तर मला मान्य नाही. झाकण कसं असावं, हे कारखान्यात ठरतं.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेवरच्या खेळण्यांसाठीचं आयएस १५६४४ हे मानक बटण सेल मुलाच्या हाती सहज लागू देत नाही. पण पणती, रिमोट, वजनकाटा, गाणारं शुभेच्छापत्र, थर्मामीटर ही खेळणी नाहीत, त्यामुळे तो आदेश त्यांना लागूच होत नाही. रांगत्या मुलाला हा फरक कसा कळणार?

ऑस्ट्रेलियाने २२ जून २०२२ पासून बटण सेलवर चालणाऱ्या घरगुती वस्तूंनाही सक्तीचे नियम लावले. अमेरिकेत त्याच वर्षी ‘रीस कायदा’ झाला. रीस हॅमस्मिथ ही दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला सेल गिळून दगावली होती, तिचं नाव त्याला दिलं आहे. दोन्हीकडे अट एकच: झाकण स्क्रू-ड्रायव्हर किंवा नाण्याशिवाय उघडू नये, नाहीतर उघडायला एकाच वेळी दोन वेगळ्या हालचाली लागाव्यात. शिवाय वेष्टनावर इशारा हवा आणि सुट्या सेलचं पाकीट मुलाला फाडता येऊ नये.

भारतीय मानक ब्युरोने हाच नियम वस्तूच्या नावावर न ठेवता सेलच्या आकारावर ठेवावा. स्क्रू झाकणातच अडकून राहणारा हवा, कारण सुटा स्क्रू पहिल्याच बदलात हरवतो आणि मग झाकणाला चिकटपट्टी लागते. स्क्रू नसलेली वस्तू दिसली तर फोटो आणि बिल ठेवा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दुकानदाराला स्क्रूवालीच पणती मागा.