यरुशलेम पडलं ते ‘देवाच्या माणसाशी वाद घातला’ म्हणून?

पूर, साथ, भूकंप, काहीही आलं की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. बायबलमध्ये संदेष्ट्याचा इशारा धुडकावला की नाश अटळ, यरुशलेमचं काय झालं ते बघा, म्हणून देवाचा माणूस बोलला की वाद घालू नका. दाखला यिर्मया या संदेष्ट्याच्या काळचा देतात, म्हणजे बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने यरुशलेम जाळलं तेव्हाचा. तर बायबलमधलं त्याचंच पुस्तक उघडू या.

‘नाश अटळ’: १८व्या अध्यायात कुंभाराच्या घरी यिर्मयाला कळतं ते उलटंच. ज्या राष्ट्राला धमकावलं ते वाईटापासून फिरलं, तर देवही बेत बदलतो. योना या दुसऱ्या संदेष्ट्याने निनवे शहराला नाशाआधी चाळीस दिवसांची मुदत दिली. लोक फिरले, शहर वाचलं, आणि संदेष्टाच रुसून बसला. खुद्द यरुशलेमला वेढा पडलेला असतानाही यिर्मया शेवटच्या राजाला, सिद्कीयाला, सांगत होता, शरण जा, शहर जळणार नाही. राजाला भीती कसली, तर खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, आधीच जाऊन मिळालेले आपलेच लोक आपली फजिती करतील, याची.

‘धुडकावला की नाश’: इ.स.पू. ६०४ चा हिवाळा. सिद्कीयाच्या आधीच्या काळातला राजा यहोयाकीम महालात शेगडीपाशी बसलाय, यिर्मयाच्या इशाऱ्यांची गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने झाले की तेवढा तुकडा चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा, असं करत राजाने अख्खी गुंडाळी जाळली. वीज वगैरे काही पडली नाही. यिर्मयाने सांगितलं आणि त्याचा लेखनिक बारुख याने ती पुन्हा लिहून काढली, वर भरही घातली. शहर बाबेलच्या हाती गेलं इ.स.पू. ५९७ मध्ये, तेव्हा गादीवर यहोयाकीमचा मुलगा होता. जळालं ते ५८६ च्या सुमारास, सिद्कीयाच्या काळात. इशाऱ्यातही गूढ फारसं नव्हतं. बाबेलविरुद्ध बंड करू नका, इजिप्तच्या भरवशावर राहू नका. सिद्कीयाने नेमकं या दोन्ही गोष्टी केल्या.

लोकांनी काय नाकारलं, हेही मजकुरात येत नाही. वेढ्यात घाबरून त्यांनी हिब्रू दास-दासींना मोकळं केलं. इजिप्तची फौज निघाल्याचं कळून खास्दी जरा हटले, तशी त्याच माणसांना पुन्हा दास्यात ओढलं. ३४व्या अध्यायातला यिर्मयाचा संताप यावर आहे, आपला मान राखला नाही यावर नाही.

‘वाद घालू नका’: हा मुद्दा तर पारच लंगडा. हनन्यासुद्धा संदेष्टाच म्हणवत होता. बाबेलला शरण जा, हे दाखवायला यिर्मयाने मानेवर घातलेलं जू मोडून त्याने भर मंदिरात जाहीर केलं, दोन वर्षांत बाबेलचं जोखड जाईल. लोकांना हवं तेच तो बोलत होता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात कसोटी दिलीये: बोललेलं घडलं नाही, तर तो देवाचा शब्द नाही, त्या माणसाला भिऊ नका. म्हणजे पारखून घ्या, असं बायबलच सांगतं.

आणि ऐकणारे सुखरूप राहिले म्हणावं, तर खुद्द यिर्मयाला चिखलाच्या हौदात सोडलं होतं. राजवाड्यातला सेवक एबद-मलेख याने काखेत जुन्या चिंध्या लावायला देऊन दोरांनी वर काढलं. पुढे शहर पडल्यावर मागे उरलेल्या लोकांनी त्याला आणि बारुखाला इजिप्तला नेलं, त्याचा सल्ला झुगारून.

राहिला आजच्या आपत्तींचा प्रश्न. येशूच्या काळी यरुशलेममधला शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं विचारून येशूने स्वतःच ‘नाही’ म्हटलं. पश्चात्ताप करा, हे त्याने समोर उभ्या असलेल्यांना सांगितलं. मेलेल्यांच्या पापांची यादी काढली नाही.