लिंकनचा दुसरा कान

गेल्या सहा महिन्यांत अब्राहम लिंकनचा उजवा कान मी जितक्या जवळून पाहिलाय, तितका त्याच्या डॉक्टरनेही पाहिला नसेल. आधी दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, आणि शेवटी भिंगावर मोबाइल धरून. १९८४ सालच्या काही अमेरिकी सेंटांवर लिंकनला पाळीखाली आणखी एक पाळी फुटलेली आहे, आणि तसा सेंट ज्याला सापडतो तो नाणेवाल्यांच्या जगात चार दिवस कॉलर ताठ करून फिरतो. मलाही फिरायचं होतं. म्हणून मी जुन्या सेंटांनी भरलेला एक डबा पैदा केला आणि टेबलावरच्या दिव्याखाली बसलो.

पहिल्याच रात्री मला अकरा डबल डाय, म्हणजे चित्र दुहेरी उमटलेली नाणी, सापडले. दुसऱ्या रात्री सतरा. तिसऱ्या रात्री एकही साधं नाणं सापडेना.

"चष्म्याचा नंबर तपासून घे," बायको म्हणाली. नाण्यांबद्दल तिला काडीचंही कळत नाही, आणि निदान मात्र दर वेळी तिचंच बरोबर येतं.

आम्हा हौशी मंडळींचे एक अण्णा आहेत. चाळीस वर्षं नाणी पाहून पाहून त्यांचं बोलणं एका शब्दावर आलंय. मी अठ्ठावीस नाणी ओळीने मांडली. अण्णांनी पहिलं उचललं, दिव्याखाली जरासं कलतं केलं आणि म्हणाले, "मशीन." दुसरं. "मशीन." अठ्ठाविसाव्यापर्यंत त्यांचा आवाज बदलला नाही. माझा चेहरा बदलत गेला.

नंतर त्यांनी समजावलं ते असं. नाणं ठोकतात त्या पोलादी छापाला डाय म्हणायचं. हा डाय घडतो हबच्या दाबाने. हबवर चित्र उठावाचं असतं, ते डायमध्ये खोल आणि उलटं उमटतं. पूर्वी एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे. दाबाने पोलाद कडक व्हायचं, मग ते तापवून मऊ करायचं आणि पुन्हा हबखाली घालायचं. या दुसऱ्या खेपेला डाय केसभर जरी फिरला, तरी त्याच्यावर दोन चित्रं बसतात आणि त्यातून पडणारं प्रत्येक नाणं तोच दोष घेऊन जन्माला येतं. हा खरा डबल डाय.

अण्णांचं "मशीन" म्हणजे मशीन डबलिंग. त्यात डाय बिचारा निर्दोष असतो, फक्त यंत्रात सैल बसलेला असतो. घाव घालून मागे येताना तो किंचित हलतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड दाबून टाकतो. शेजारी एक सपाट, चकचकीत पायरी तयार होते. ती आपल्याला दुसरं अक्षर वाटते. "खऱ्यात अक्षर जाडं होतं," अण्णा म्हणाले, "टोकाला खाच पडते, दोन्ही अक्षरं गोलसर उठलेली असतात. खोट्यात मूळ अक्षराचाच लचका तुटतो." म्हणजे मी तीन रात्री ज्याला टांकसाळीने दिलेली जास्तीची भेट समजत होतो, ती खरं तर टांकसाळीने केलेली कापाकापी होती.

जुन्या सेंटांसाठी आणखी एक युक्ती त्यांनी सांगितली. त्या काळी टांकसाळीचं अक्षर, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते सांगणारी खूण, तयार डायवर वेगळं, हाताने ठोकत. हबच्या चुकीशी त्याचा संबंध नसे. तेव्हा सालाबरोबर ते अक्षरही त्याच बाजूला सरकलेलं दिसलं, तर समजायचं की यंत्रच हललंय.

माझा खरा मुखभंग मात्र पुढच्या आठवड्यात झाला. डब्यात १९५५ चा सेंट निघाला. हे साल ऐकलं की नाणेवाल्याच्या छातीत धडधडतं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्या वर्षी एक जोरदार दुहेरी डाय यंत्रावर चढला. चूक लक्षात येईपर्यंत त्याची नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. सगळा ढीग वितळवण्याऐवजी ती तशीच जाऊ दिली. वीस-चोवीस हजार बाहेर पडली असं मानतात. आणि माझ्या सेंटावरचा शेवटचा पाच चक्क दुहेरी होता! मी घरात कोणाला सांगितलं नाही. आनंद पोटात ठेवून अण्णांकडे गेलो.

"हा गरिबाचा डबल डाय," अण्णा म्हणाले. निकाल देताना त्यांनी पहिल्यांदाच एकाहून जास्त शब्द खर्च केले, आणि तेही असे. डाय झिजला की कडा पसरतात आणि आकडा दुहेरी भासतो. १९५५ चा असा सेंट इतका सर्रास सापडतो, की त्याला हे नावच पडलंय. "अस्सल असता तर अख्खं साल दुहेरी असतं. भिंगसुद्धा लागलं नसतं. बिनचष्म्याचा माणूसही ओळखतो."

मी चष्मा पुसला.

यानंतर मला उलटा आजार जडला. डब्यातलं नाणं उचलायचं, "मशीन" म्हणायचं आणि बाजूला फेकायचं. दिवा कलता करायचेही कष्ट नाहीत. जवळजवळ अख्खा डबा मी दोन संध्याकाळींत निकालात काढला आणि तो ढीग मुलीच्या गल्ल्यात ओतून टाकला. ती भलतीच खूश झाली. बाबांचं मन इतकं मोठं असल्याचं तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

तळाशी उरलेल्या पाच-सहांत एक १९७२ चा होता. त्यावरची अक्षरं जरा गुबगुबीत वाटली. टोकांना खाच. पायरी कुठेच नाही. सवयीने "मशीन" म्हणून फेकणार होतो, पण हात थबकला. अण्णांनी तो सेंट फिरवला, दिवा फिरवला, मग स्वतः खुर्चीसकट फिरले. पाच मिनिटं गप्प.

"डबल डायला भावंडं असतात," अखेर ते म्हणाले. "एका डायची हजारो नाणी, सगळी हुबेहूब. मशीनची दोन नाणी सारखी निघतीलच असं नाही. तुमच्या डब्यात १९७२ चे आणखी सेंट होते ना? ते आणा. हीच खाच, ह्याच जागी दिसली, तर बोलू."

मी घरी आलो. मुलगी गल्ला मांडीवर घेऊन बसली होती.

"थोडी नाणी परत हवी होती गं," मी म्हटलं.

"का?"

"अशीच. बघायची आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या भिंगाकडे, मग आईकडे. आईने मान हलवली.

"एकाला दोन," मुलगी म्हणाली.

गल्ल्यात १९७२ चे किती आहेत ते फोडल्याशिवाय कळणार नाही, आणि फोडायचे पैसे वेगळे पडतील म्हणते.