थिबा राजवाड्याचा फिरता मजकूर खोटा का आहे

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचे फोटो टाकून एक मजकूर कायम फिरत असतो. ब्रह्मदेशच्या (आताच्या म्यानमारच्या) थिबा राजाने इथे हौसेने महाल बांधला, तीस वर्षं त्यात ऐषारामात काढली, आणि शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफरला रंगूनला धाडून त्याच्या बदल्यात इंग्रजांनी याला इकडे आणलं, असं त्यात म्हटलेलं असतं.

महाल हौसेचा नव्हताच. तो इंग्रज सरकारने बांधला, तोही पदच्युत करून आणलेल्या राजाला नजरकैदेत ठेवण्यासाठी. उतरती छपरं, सागवानी कमानी, रंगीत काचा बघून आपल्याला वैभव वाटतं, पण परवानगीशिवाय राजाला रत्नागिरी सोडता येत नव्हती.

तीस वर्षांचं गणितही चुकतं. थिबाची राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली नोव्हेंबर १८८५मध्ये. मद्रासमार्गे थिबा रत्नागिरीत पोचला एप्रिल १८८६मध्ये आणि राजवाड्यात राहायला गेला १९१०च्या अखेरीस. त्याआधीची चोवीस वर्षं बंगल्यांत गेली. डिसेंबर १९१६मध्ये तो वारला, म्हणजे या वास्तूत जेमतेम सहा वर्षं.

आणि ऐषाराम कसला? सरकारी तनखा पुरेना म्हणून बरोबर आणलेले दागिने विकायची पाळी आली. 'नगा मौक' हे प्रसिद्ध माणिक इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं होतं, असं राजा शेवटपर्यंत सांगत राहिला. अर्ज केले, पण माणिक काही परत मिळालं नाही.

अदलाबदलीची गोष्ट तर तारखांपुढे उभीच राहत नाही. जफर डिसेंबर १८५८मध्ये रंगूनला पोचला आणि १८६२मध्ये तिथेच वारला. थिबाचा जन्म १८५९चा, म्हणजे जफर गेला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. शिवाय १८५८मध्ये रंगून आधीच इंग्रजांकडे होतं आणि मंडालेत थिबाचे वडील मिंडोन राज्य करत होते. दोन्ही राजांना परमुलखात मरण आलं, हे साम्य खरं आहे आणि हृदयद्रावकही, पण त्यामागे सौदा नव्हता.

थिबाचा देहही मायदेशी गेला नाही. त्याचं थडगं रत्नागिरीतच आहे. २०१२ साली म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. राजवाड्यात आता राज्य सरकारचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. रत्नागिरीला जाल तेव्हा दोन्ही ठिकाणं बघा, आणि तो मजकूर पुन्हा आला तर उत्तरात या तारखा नक्की लिहा.