पटावरचं पोर

तुमच्या घरातलं सहा वर्षांचं पोर या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार असेल, तर आधी अभिनंदन. पोराचं नव्हे, तुमचं. कोकणातल्या आमच्या वाडीत पहिलीत मूल घालणाऱ्या आईबापांना हल्ली लोक रस्त्यात थांबवून ‘चाय घेवन जावा’ म्हणतात. पूर्वी हा मान फक्त तलाठ्याला होता.

मी हे अधिकाराने सांगतोय. माझा नातू गेल्या वर्षीच पहिलीत गेला, आणि मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना जाऊन बसतो. निवड वगैरे काही झाली नाही. वाडीत दुपारी तीन वाजता घरात असणारा पुरुष मी एकटाच, एवढीच माझी पात्रता. तेव्हा नव्या सत्रात तुमचं पोर काय काय शिकेल आणि तुम्ही कोणती तयारी ठेवायची, ते नीट ऐका.

मूल शाळेत शिकायला जातं, ही समजूत पहिल्यांदा काढून टाका. ते पट म्हणून, म्हणजे हजेरीतला एक आकडा म्हणून जातं. शिकलं तर बोनस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेले आहेत. कायदा केला तेव्हा साठ हा आकडा बहुधा छोटा वाटला असावा. आमच्या वाडीत साठ माणसं जमतात ती गणपतीच्या आरतीला, आणि त्यातले चाळीस बोरिवली-विरारचे. पुढे २०२४ मध्ये शासनाने ठरवलं, की पट वीस किंवा त्याहून कमी असेल तर दोनांतला एक शिक्षक कंत्राटी किंवा निवृत्त. हा निर्णय निघाला ५ सप्टेंबरला. तारीख पुन्हा वाचा. हो, शिक्षक दिन. शिक्षकांना त्या दिवशी गुलाबाचं फूल देतात, म्हणून बरोबर काटाही दिला असेल. मग आरडाओरडा झाला आणि त्याच महिन्यात वीसाचे दहा झाले.

आमचा पट अकरा.

म्हणजे आम्ही एका पोराने वाचलो, आणि ते अकरावं पोर म्हणजे माझा नातू. त्यानंतर शासनाने काय बदललं, काय ठेवलं, हे वाडीने विचारलं नाही. वाडीने फक्त दहा हा आकडा लक्षात ठेवला आणि रात्रीच्या वेळी त्याचं नाव घ्यायचं सोडून दिलं. नातवाला साधी सर्दी झाली तरी गुरुजी संध्याकाळी खळ्यात येऊन उभे राहतात. ‘ताप आसा काय?’ मला विचारतात, पण बघतात त्याच्याकडे, देवळाच्या खांबाला वाळवी लागली का बघावं तसे. माझी सूनबाई माहेरी चार दिवस राहायला गेली, तर चौथ्या दिवशी सरपंचांचा फोन.

तेव्हा पहिला सल्ला: ३० सप्टेंबरपर्यंत पोराला जपा. शिक्षक किती द्यायचे ते त्या दिवसाच्या पटावर ठरतं. १ ऑक्टोबरला ते आंब्यावरून पडलं तरी चालेल.

आता शाळेची वाट. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे आणि आमची शाळा तो तंतोतंत पाळते. माझ्या पडवीतून तिची कौलं दिसतात. मधे फक्त व्हाळ, म्हणजे ओढा आहे. व्हाळावर साकव, म्हणजे छोटा पूल आहे; तोही मिरगापर्यंत असतो. नंतर तो कधी असतो, कधी खाली समुद्राकडे निघालेला असतो. मग पोर वरच्या पुलावरून अडीच किलोमीटर चालून त्याच एक किलोमीटरच्या शाळेत पोचतं. याला परिसर अभ्यास म्हणतात. पुस्तकात जलचक्राचं चित्र आहे, बाण काढलेलं. आमच्या पोरांना ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. बाण कुठल्या बाजूने येतात ते त्यांच्या चड्डीवर असतं.

पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव. त्याची तयारी मात्र मनापासून करा, कारण सबंध सत्रातला सर्वांत गंभीर धडा तोच. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, फुगे, गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसा घेतात, पोराचं शाळेतलं पहिलं पाऊल म्हणून. छान वाटतं, खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले. पाहुणे साडेदहाला येणार होते, सव्वाबाराला आले. तोवर नातू दोनदा पाय धुऊन आला होता, म्हणून त्याचं पहिलं पाऊल तीनदा पडलं. मग फोटो. पुस्तक छातीशी धरायचं, मुखपृष्ठ बाहेर, हनुवटी वर, हसायचं. पाहुण्यांच्या फोनात एकदा, मॅडमच्या फोनात एकदा, ग्रामसेवकांच्या फोनात एकदा. पुस्तक उघडायची वेळ आली तेव्हा खिचडी झाली होती.

गंमत बघा, नातू दिवाळीपर्यंत बाराखडीत ‘थ’ आणि ‘ध’ची सरमिसळ करत होता. पण कुणी मोबाईल वर केला की सगळी पोरं क्षणात ओळीत, बुटकी पुढे, उंच मागे, पाटी सरळ. वृक्षारोपण, हात धुणे, योग, वाचन, तिरंगा, स्वच्छता. प्रत्येकाचा फोटो संध्याकाळपर्यंत वर जावा लागतो आणि रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर. त्यामुळे चारच्या सुमाराला गुरुजी कातळावर हात उंच करून उभे असतात. लांबून वाटतं, पाऊस थांब म्हणून सांगतायत. मागे एकदा लावलेलं झाड वाडीतल्या शेळीने खाल्लं. शेळीचं पोट भरलं, फोटो वर गेला, कुणाची काहीच तक्रार राहिली नाही.

भाषेचं आता सांगतो, इथे जरा बसून ऐका. पोर घरात मालवणी बोलतं. शाळेत गेल्यावर त्याला कळतं, की ‘खंय’ म्हणायचं नाही, ‘कुठे’ म्हणायचं. म्हणजे मराठी ही त्याची दुसरी भाषा झाली, आणि ती त्याला पहिली म्हणून शिकवतात. इंग्रजी पहिलीपासून आहेच. हिंदी त्याने कार्टून बघून घरीच संपवलेली असते. माझा नातू शेळीला हिंदीतून दम देतो. असं चार भाषांचं पोर दारात उभं असताना १६ एप्रिल २०२५ ला शासनाचा निर्णय आला, पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी. तिसरी! आम्ही समितीत बोटं मोजून बघितली, कुणाचीच तिसरीवर थांबेनात.

१६ जूनला शाळा उघडली, १७ जूनला सुधारित निर्णय आला. सक्ती नाही, हिंदी ‘सर्वसाधारणपणे’. दुसरी कुठली भारतीय भाषा हवी असेल तर तीही मिळेल, फक्त त्या इयत्तेत वीस मुलं तशी पाहिजेत. हे वाक्य गुरुजींनी बैठकीत दोनदा वाचलं. आमच्या चारही इयत्ता एकत्र करून, खिचडीवाल्या मावशी आणि ती शेळी धरली तरी तेरा. एका आजोबांनी विचारलं, ‘मग आमच्या पोरांका कन्नड व्हयी आसली तर?’ कन्नड कुणालाच नको होती, पण कमी कशासाठी पडायचं, एवढाच त्यांचा मुद्दा. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. शाळा उघडल्यापासून तेरा दिवसांत आलेली भाषा सैल झाली, गेली. व्हाळाचं पाणीसुद्धा चढून ओसरायला एवढं नेमकं नसतं. तेव्हा सल्ला असा: पोराला कुठलीही भाषा एकदम पक्की शिकवू नका. थोडी कच्ची ठेवा. काढायला सोपी जाते.

गणितातही असंच. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात सदुसष्टला ‘साठ सात’ म्हणायची पद्धत आली, पोरांना जोडाक्षरं जड जातात म्हणून. महाराष्ट्रभर त्यावर वादळ झालं. सदुसष्ट गेला तर संस्कृती जाईल असं ज्यांना वाटलं, त्यांतल्या बऱ्याच जणांची नातवंडं ‘सिक्स्टी सेव्हन’ म्हणत होती. मला विचाराल तर ती सूचना वाईट नव्हती. पोराला एकोणसाठ आणि एकोणसत्तर वेगळे काढताना मी रोज बघतो. पण आमच्या शाळेत हा प्रश्न तातडीचा नाही. आमचं गणित अकरापर्यंतच लागतं.

आणि ते पोरं शिकतात मावशींच्या चुलीपाशी. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, बारा ग्रॅम प्रथिनं. अकरा हजर असले तर एक किलो शंभर ग्रॅम. नऊ आले तर नऊशे ग्रॅम. हे उत्तर माझा नातू पाढा न म्हणता देतो, कारण चुकलं तर ताटात कमी येतं. प्रथिनांचा हिशेब मात्र जरा बाजूला ठेवा. पावसाच्या पहिल्या झडीला ही पोरं शाळेतून येताना शेतातले कुर्ले, म्हणजे खेकडे, पकडून आणतात, छत्रीत भरून. त्याची नोंद कुठल्याच अ‍ॅपमध्ये होत नाही.

गणवेश, वह्या, शाळेची वेळ यांवर फार वेळ घालवत नाही. पाठ्यपुस्तकात लिहायला कोरी पानं आली आणि दोन वर्षांत गेली. गणवेश पोराच्या मापाचा येईल अशी अपेक्षा धरू नका. पोर गणवेशाच्या मापाचं होईल. चौथीपर्यंत होतंच.

गुरुजींबद्दल मात्र नीट समजून घ्या, नाहीतर उगाच तक्रार कराल. आमच्याकडे दोन शिक्षक आहेत. त्यातल्या मॅडम दुसऱ्या शाळेवर ‘कामगिरी’ला असतात, कारण त्या शाळेला एकही नाही. उरले गुरुजी. कायद्याने त्यांना शिकवण्याशिवाय तीनच कामं लावता येतात: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. निवडणुका आपल्याकडे सतत असतात आणि कोकणात आपत्ती म्हणजे जून ते सप्टेंबर. बाकी वेळ ऑनलाईन माहितीचा. पोराचं आधार, पोराची उंची, शाळेच्या नळांची संख्या, नळ चालू का बंद, बंद असल्यास केव्हापासून. एकदा नातू सकाळी अकरालाच घरी आला. ‘गुरुजी खंय गेले?’ विचारलं. ‘मिटिंगीक.’ ‘कसली मिटिंग?’ तर म्हणाला, ‘पोरांका शाळेत कसा टिकवचा, त्येची.’

तरीही चौथीतली चेडवं, म्हणजे पोरी, पहिलीला वाचायला शिकवतात. एकच खोली, चार कोपरे, आणि गुरुजी असले की ते मधोमध उभे राहून चारही कोपऱ्यांकडे तोंड करतात. हे कसं जमतं मला माहीत नाही. नातू डिसेंबरमध्ये एसटीची पाटी वाचायला लागला. ‘दे-व-ग-ड.’ मी गाडी सोडून दिली, त्याला पुढची पाटी वाचायला मिळावी म्हणून. पुढची दोन तासांनी होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या हालात कोकणातली पोरं पुढे काय करतात? पहिली येतात. दहावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ पासून दरवर्षी पहिला. वर्तमानपत्रात दरवर्षी तीच बातमी, फक्त टक्के बदलायचे. आणि पहिली आलेली पोरं पेढे वाटून त्याच आठवड्यात मुंबईची गाडी धरतात. माझ्या वर्गात छत्तीस जण होतो. गुरुजी चांगले होते, आम्हाला इतकं चांगलं शिकवलं, की वाडीत मी आणि जांभ्याच्या खाणीवरचा माझा एक मित्र एवढेच राहिलो. शाळा ओस का पडली म्हणून अधिकारी अहवाल मागवतात. अहवालात ‘स्थलांतर’ लिहितात. ‘निकाल’ लिहायला रकाना नाही.

गणपतीत पुतण्या विरारहून आला, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन. गुरुजी आरतीला आले होते. त्यांनी त्या पोराला जवळ घेतलं, मोदक दिला, नाव विचारलं, पाढे विचारले, आणि मग सहज विचारल्यासारखं पुतण्याला म्हणाले, ‘हेचा आधार खंयच्या पत्त्यावर आसा?’ पुतण्या हसला. गुरुजी हसले नाहीत. गौरी गेल्या, तुतारी एक्सप्रेसने पुतण्या गेला. आम्ही अकराच राहिलो.

या वर्षी चौथीतली चार पुढच्या शाळेत जाणार. म्हणजे सात. म्हणून हे सगळं लिहायला बसलो. तुमच्या ओळखीत कुणाचं सहा ते नऊ वर्षांचं पोर असेल आणि आईबापांना मुंबईत भाडं परवडत नसेल, तर कळवा. घर आहे, माझ्या चुलत्यांचं, कौलं यंदाच शाकारली. विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. समुद्र चालत पंधरा मिनिटं. तिसरीत सध्या एकही मूल नाही, त्यामुळे तिथे पहिला नंबर नक्की. येताना पोराचं आधार घेऊन या, पत्ता बदलायचं गुरुजी बघतील. साकव नसेल तर अलीकडून हाक मारा. गुरुजी असले तर ओ देतील. मिटिंगीक गेले असतील तर मावशी असतात, आणि त्या तांदूळ शंभर ग्रॅम जास्तीच टाकून ठेवतात.